चौघी निघाल्या बेटावर



गावातली पहिली बाई ट्रेनिंगसाठी मुक्कामी निघाली की तिला काय ऐकावं लागतं, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘नीट वाग. तुझं काही चुकलं तर पुढं कुणालाच सोडणार नाहीत.’ असंच बजावून धाडलेल्या चार बायांची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. साल होतं १९५९.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियापासून सुमारे १५०० किलोमीटर समुद्र ओलांडला की मॅक्वारी बेट लागतं. लांबी ३४ किलोमीटर, रुंदी जेमतेम पाच. त्याच्याही दक्षिणेला बर्फाचा अंटार्क्टिका खंड. बेटावर झाड म्हणून नाही. उंच गवताचे ठोंब, सतत वारा आणि जवळपास रोजचा पाऊस.

१८१० साली सीलच्या शिकाऱ्यांना हे बेट सापडलं. सील म्हणजे समुद्रात पोहणारा आणि पिलं घालायला किनाऱ्यावर येणारा प्राणी. त्यातल्या दाट लव असलेल्या फर सीलची कातड्यासाठी इतकी कत्तल झाली की दहाएक वर्षांत ते दिसेनासे झाले. मग पाळी आली एलिफंट सीलची. त्याचा नर तीन टनांहूनही जास्त भरू शकतो. त्याची चरबी कढवून तेल काढलं. पुढं जोसेफ हॅच नावाच्या व्यापाऱ्याने पेंग्विन वाफेच्या टाक्यांत शिजवून तेल काढायचा धंदा मांडला. संशोधक डग्लस मॉसन आणि इतरांनी आवाज उठवला, तेव्हा १९२०च्या सुमारास तो थांबला. १९३३ साली बेट अभयारण्य झालं. त्या गंजलेल्या टाक्या आजही पेंग्विनच्या गर्दीत उभ्या आहेत.

१९४८ साली तिथं संशोधन केंद्र सुरू झालं, पण फक्त पुरुषांसाठी. बायकांची तिथं सोय नाही, असं सांगितलं जाई.

अकरा वर्षांनी, डिसेंबर १९५९मध्ये, सरकारी मोहिमेच्या जहाजातून पहिल्यांदा चार बाया गेल्या. इसोबेल बेनेट, सुझन इंगम, मेरी गिलम आणि होप मॅकफर्सन. इसोबेलबाई तेव्हा पन्नाशीच्या. घरची ओढाताण, म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सुटली होती. विद्यापीठात मदतनीस म्हणून लागल्या आणि काम करता करता समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवांच्या जाणकार झाल्या. सुझनबाई सील आणि पक्ष्यांच्या अभ्यासक. मेरीबाई वनस्पतींच्या. होपबाई संग्रहालयात शंख-शिंपल्यांचा विभाग सांभाळत.

निघताना चौघींना बजावलं गेलं, तुम्ही कशा वागता यावर पुढच्या बायांचं जाणं ठरेल.

त्या गेल्या आणि कामाला लागल्या. गार पाण्यात उतरून खडकांवरचे जीव तपासले, गवत-शेवाळ पाहिलं, सील आणि पक्ष्यांच्या नोंदी केल्या. तिथं रॉयल पेंग्विन होते. त्यांची घरटी साऱ्या जगात याच बेटावर आणि शेजारच्या खडकांवर होतात.

आम्हाला एक गोष्ट खटकते. त्या बेटावर सील संपवले ते पुरुषांनी. पेंग्विन शिजवले त्यांनीच. खायला होतील म्हणून ससे सोडले तेही त्यांनीच. सशांनी गवत फस्त केलं आणि उतारावरची माती सरकू लागली. बांधावरचं गवत गेलं की काय होतं, ते आपण शेतात पाहतोच. उंदीर आणि ससे हटवून बेट मोकळं झालं म्हणून जाहीर व्हायला २०१४ साल उजाडलं. एवढं होऊनही ‘तू चुकलास, आता पुढच्या पुरुषांना बंदी’ असं कुणी म्हटलं नाही. बायांच्या नुसत्या वागण्यावर मात्र सगळ्या बाईजातीचं भवितव्य टांगलेलं!

चौघींनी ते ओझं पेललं. इसोबेलबाई पुन्हा बेटावर गेल्या, १९७१ साली तिथल्या किनाऱ्यांवर त्यांचं पुस्तक आलं. होपबाईंना मात्र १९६५ साली लग्न झाल्यावर नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत ठेवत नसत. आणि बेटावर अख्खा हिवाळा काढायला पहिली बाई, डॉक्टर झोई गार्डनर, गेली ती थेट १९७६ साली. दार उघडलं, पण फार सावकाश.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटातली कुणी पहिल्यांदा बाहेर पडली, तर तिला ‘आमची लाज राख’ असं म्हणू नका. ‘काम करून ये, आम्ही इथं आहोत,’ एवढंच म्हणा. चुकली तर ती एकटी चुकेल, आपण सगळ्या नाही.