काउंटरवरचा माणूस : आत्महत्या प्रतिबंधाचा एक अल्पपरिचित इतिहास

२००९ साली अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात एक विलक्षण बाब उजेडात आली. परस्परांशी संबंध नसलेल्या तीन व्यक्तींनी आठवडाभराच्या आत एकाच दुकानातून बंदूक विकत घेतली आणि काही तासांतच आपले जीवन संपविले. विक्रेत्याला त्यांच्यात काही वेगळे जाणवायला हवे होते का, असा प्रश्न यातून उभा राहिला.

त्यानंतर बंदूकविक्रेते, शस्त्रहक्कांचे समर्थक आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक एकत्र बसले. व्यथित ग्राहक कसा ओळखावा, विक्री केव्हा नाकारावी, याचे मार्गदर्शन त्यांनी तयार केले. नंतरच्या पाहणीत जवळपास निम्म्या दुकानांत हे साहित्य लावलेले आढळले. नेमबाजीच्या रेंजवर तर बंदूक भाड्यानेही मिळते. म्हणून २०१६पासून तेथील शस्त्रउद्योगाच्या संघटनेने आत्महत्या प्रतिबंधक संस्थेच्या साहाय्याने रेंजच्या कर्मचाऱ्यांपर्यंतही असे साहित्य पोहोचविले.

यामागील विज्ञान साधे आहे. आत्महत्येचा तीव्र आवेग बहुधा अल्पकाळ टिकतो. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के व्यक्तींचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही. त्या काळात साधन हाती न लागणे, हाच उपचाराचा आरंभ ठरतो.

भारतात हा काउंटर बहुधा कीटकनाशकांच्या दुकानाचा असतो. नोव्हेंबर २०२२च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणातही साधनांची उपलब्धता मर्यादित करण्यावर भर आहे. धोरण कागदावर असते. समोरच्याचा चेहरा मात्र काउंटरवरच्या माणसालाच दिसतो. त्याला प्रशिक्षण कोण देणार?

आपण किंवा आपले कोणी व्यथित असल्यास ‘टेली-मानस’ला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास उपलब्ध आहे.