उभ्या गाडीचा दिवा

गाडी बंद केली, चावी खिशात टाकली; पण स्विच तसाच राहिला असेल तर पुढचे दोन लहान दिवे आणि मागचे दोन लाल दिवे जळतच राहतात. हेडलाइट बऱ्याच गाड्यांत चावीबरोबर विझते, हे मात्र विझत नाहीत. पुष्कळांना हा वायरिंगमधला बिघाड वाटतो. पण ते दिवे तसेच जळत राहावेत म्हणूनच बसवलेले असतात. आपण त्यांना पार्किंग लाइट म्हणतो ते उगाच नाही.

या दिव्यांचे पूर्वज घोडागाडीवर सापडतात. बग्गीच्या दोन्ही अंगांना मेणबत्तीचा किंवा तेलाचा एकेक दिवा असे. मुंबईच्या व्हिक्टोरियालाही असे दिवे होते. त्यांच्या उजेडात रस्ता फारसा दिसत नसे. समोरून येणाऱ्याला मात्र दोन गोष्टी कळत: पुढे गाडी आहे, आणि ती एवढी रुंद आहे. मोटार आली तेव्हा हेच दिवे तिने उचलले. रस्ता दिसावा म्हणून पुढे मोठे कार्बाइडचे दिवे लागले, पण बाजूचे रॉकेलचे दिवे राहिलेच. बर्मिंगहॅममध्ये रॉकेलची फेरी करणाऱ्या जोसेफ लुकसने 1879 मध्ये ‘किंग ऑफ द रोड’ नावाचा सायकलचा दिवा काढला आणि पुढे त्याची कंपनी ब्रिटिश मोटारींना दिवे पुरवणारी मोठी कंपनी झाली. लुकस-टीव्हीएसमुळे हे नाव आपल्याकडच्या गॅरेजमध्येही पोचलं.

रॉकेलच्या दिव्याला इंजिन चालू आहे की बंद, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. 1912 मध्ये कॅडिलॅकने सेल्फ-स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले आणि हळूहळू सगळ्याच गाड्यांचे दिवे बॅटरीवर आले. आता उभ्या गाडीचा दिवा बॅटरी खाणार, हे उघड होतं. मग तो लहान ठेवला. जुन्या पद्धतीचा बल्ब साधारण 5 वॅटचा असतो. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबरप्लेटचा एक मिळून 25 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला जेमतेम 2 अँपिअर. रात्रभरात चांगली बॅटरी सहसा बसत नाही. दोन दिवस विसरलात तर धक्का मारावा लागेल.

जर्मनांनी यात आणखी काटकसर केली. तिथल्या अनेक गाड्यांत चावी काढून इंडिकेटरची दांडी एका बाजूला ढकलली की फक्त त्या बाजूचा पुढचा-मागचा दिवा लागतो. वस्तीत उभ्या केलेल्या मोटारीला रहदारीच्या बाजूचा तेवढा दिवा तिथल्या कायद्याला पुरतो. रस्त्यावरच्या दिव्याचा पुरेसा उजेड असेल तर तोही लागत नाही. पण तो खांबावरचा दिवा मध्यरात्रीच बंद झाला तर? म्हणून रात्रभर न जळणाऱ्या खांबांवर लाल पट्टा असतो. तो दिसला की गाडीवाल्याने आपली सोय आपण करायची. मला या सगळ्या इतिहासात हा लाल पट्टा सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

इंग्लंडला दिव्यांची किंमत अंधारात कळली. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू झालं, ब्लॅकआउट आला, हेडलाइटवर झाकणं आणि बाजूच्या दिव्यांवर कागद चढले. त्या महिन्यात रस्त्यावरचे मृत्यू आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या जवळपास दुप्पट झाले. मग फूटपाथच्या कडा आणि गाड्यांचे बंपर पांढरे रंगवले गेले. 1971 च्या युद्धात आपल्याकडेही हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा करत, ते जुन्या लोकांना आठवत असेल.

शांततेच्या काळात इंग्रजांना उलटी खोड होती. शहरात खांबांचे दिवे आहेत म्हणून ते नुसत्या बाजूच्या दिव्यांवर गाडी चालवत. उभ्या गाडीचा दिवा धावत्या गाडीला पुरत नाही. पादचाऱ्याला ती उभीच वाटू शकते. 1987 पासून तिथे नव्या गाड्यांना ‘डिम-डिप’ सक्तीचं झालं: इंजिन चालू असताना लहान दिवे लावले की हेडलाइटही मंद लागायची. पण 1988 मध्ये युरोपीय न्यायालयाने ही सक्ती अमान्य केली. स्वीडनने तर 1977 मध्येच भर दिवसाही दिवे लावायला लावले होते. आज नव्या गाड्यांच्या तोंडावर दिवसा झळकणारी डीआरएल त्याच वाटेने आली. तिच्यात एक फसगत आहे. पुढे उजेड दिसतो म्हणून चालक निश्चिंत राहतो, आणि कित्येक गाड्यांत मागचे लाल दिवे लागलेलेच नसतात. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास हे रोज पाहायला मिळतं.

1968 च्या व्हिएन्ना करारात या पुढच्या दिव्याचं काम नेमकं तेच लिहिलं आहे जे बग्गीवाल्याला ठाऊक होतं: वाहन आहे हे, आणि ते किती रुंद आहे हे दाखवणं. आपला 1989 चा केंद्रीय मोटार वाहन नियम क्रमांक 109 त्याही पुढे जातो. वाहन रस्त्यावर उभं असतानाही पुढचे-मागचे पार्किंग दिवे जळत राहिले पाहिजेत, असं तो सांगतो.

नियम कागदावर चांगला आहे. रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रकच्या मागे झाडाची फांदी आणि चार दगड असतात. ट्रक दुरुस्त होऊन जातो, दगड तिथेच राहतात. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेल्या वाढ्यांनी मागचा दिवा असला तरी झाकलेला असतो. ट्रॉली रस्त्याकडेला उभी करून चालक चहाला जातो, मागून मोटारसायकलवाला येतो. दुसऱ्या दिवशी बातमीत ‘अंधारात अंदाज न आल्याने’ असं छापून येतं. पाच वॅटचा बल्ब आणि हातभर वायर कुठल्याही गॅरेजमध्ये मिळते. कारखान्यांनी गाळपाला ट्रॉली आत घेताना वजनकाट्यावरच मागचा दिवा तपासला, तर वजन करायला लागतो त्याहून जास्त वेळ लागणार नाही.