भ्रमरकीटकन्याय आणि परग्रहावरील जीव

आमच्या इंदुरातील जुन्या वाड्यांच्या भिंतींवर आणि शाळांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत कुंभारीण माशीची मातीची घरटी आजही आढळतात. आपल्या संतवाङ्मयातील एक थोर दृष्टान्त अशाच घरट्यातून निघाला. आणि आधुनिक विज्ञानकथेतील एका भयंकर जिवाचे नातेही ह्याच माशीच्या कुळाशी जुळते. ह्या दोहोंचा इतिहास एकत्र पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजास आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांतील चोविसावा गुरू ही माशी होय. ती अळीला भिंतीवरील घरात कोंडते. अळी भयाने तिचेच ध्यान करते आणि अखेर तद्रूप होते. एकनाथांनी ह्या स्कंधावरील आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीस पूर्ण केली आणि हा न्याय मराठी श्रोत्यांच्या ओळखीचा झाला.

मूळ निरीक्षण खोटे नव्हते. अळी आत जाते, माशी बाहेर येते, एवढे कोणासही दिसत होते. मधला व्यवहार मातीआड घडे. तेथे प्राचीनांनी ध्यान कल्पिले.

हा पडदा दूर सारणाऱ्यांत फ्रान्समधील एक शिक्षक, झां आंरी फाब्र, अग्रगण्य होते. १८७९ ते १९०७ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथमालेत त्यांनी अशा माश्यांचे चरित्रच लिहिले. माशी डंखाने अळीला बधिर करते, ठार मारीत नाही. त्याच कोठडीत ती अंडे घालते व दार लिंपून टाकते. अंड्यातील पिल्लू ते ताजे अन्न खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर माती पोखरून बाहेर पडते. ह्यांच्याच नात्यातील इक्न्यूमॉन कुळातील कित्येक माश्या तर जिवंत अळीच्या शरीरातच अंडी घालतात. दयाळू ईश्वराने हे बुद्ध्या निर्मिले, असे आपल्याला मानवत नाही, असे डार्विनने २२ मे १८६० रोजी एसा ग्रे ह्यांस लिहिले.

पुढे कथाकारांनी कीटकसृष्टीच परग्रहांवर नेली. वेल्सच्या १९०१ सालच्या कादंबरीत चंद्रावर मुंग्यांसारखा समाज नांदतो. १९७९ सालच्या ‘एलियन’ ह्या चित्रपटातील जीव माणसाच्या देहात वाढतो आणि छाती फोडून बाहेर येतो. अळीच्या जागी माणूस आला, इतकाच काय तो भेद!

दोन्ही परंपरांनी स्वतःला अळीच्या जागी कल्पिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एकीला त्या भयात मुक्तीची वाट दिसली, दुसरीला केवळ भय.

‘मग नाथांचे खोटे का?’ असे एका विद्यार्थ्याने पूर्वी विचारले असता आम्ही त्यास दटावून खाली बसविले होते. ती आमची चूक होती. प्राणिशास्त्र म्हणून हा दृष्टान्त टिकत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगावयास हवे होते. आणि मन ज्याचे अखंड चिंतन करते त्याचाच आकार घेते, हा त्यातील अर्थ टिकतो, हेही. त्याला घरट्यापाशी नेऊन दोन्ही सांगितले असते, तर नाथांचे काही उणे झाले नसते.