इन्व्हर्टरवर ‘एसी’ चालतो. पण किती वेळ?

उन्हाळ्यात मध्यरात्री वीज गेली, की घरातील दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर सुरू राहतात. वातानुकूलन यंत्र मात्र बंद पडते. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनामुळे राज्यातील असंख्य घरांत इन्व्हर्टर आले. त्यावर ‘एसी’ही चालेल का, हा प्रश्न आजही विचारला जातो. चालू शकतो, परंतु घरातील नेहमीच्या संचावर नव्हे.

नावाचा घोटाळा

‘इन्व्हर्टर एसी’ म्हणजे बॅटरीवर चालणारा एसी, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. या एसीत कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त होतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. वीज गेल्यावर तोही बंदच पडतो.

विजेचे गणित

दीड टनाच्या साध्या एसीला सुमारे १,५०० ते १,७०० वॉट वीज लागते. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट प्रवाह खेचला जातो. घरगुती ९०० व्हीए क्षमतेचा इन्व्हर्टर जेमतेम ७०० वॉटचा भार पेलतो. त्यामुळे एसी लावताच तो ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद होतो.

क्षमता वाढवली, तरी बॅटरीचा प्रश्न उरतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज साठते. अशा चार बॅटऱ्यांच्या ४८ व्होल्टच्या संचात ७.२ युनिट होतात. मात्र लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. इन्व्हर्टरमधील गळती वजा जाता हाती सुमारे तीन युनिट उरतात. त्यावर साधा एसी दोन तास चालेल. खोली थंड झाल्यावर ६०० वॉटवर येणारा ‘इन्व्हर्टर एसी’ मात्र चार-पाच तास साथ देऊ शकतो. लिथियम बॅटरीतील साठ्याचा अधिक वाटा वापरता येतो. पण तिची किंमतही अधिक असते.

ही काळजी घ्या

इन्व्हर्टर ‘साइन वेव्ह’ प्रकारचाच असावा. चौकोनी लहरींच्या विजेवर कॉम्प्रेसरची मोटर तापते. एसीसाठी स्वतंत्र जाड वायर आणि एमसीबी बसवावा. दिव्या-पंख्यांच्या जुन्या वायरिंगवर एसी जोडल्यास आगीचा धोका संभवतो. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. म्हणून ती बंद खोलीत ठेवू नये. एसी २४ अंशांवर वा त्याहून वर ठेवल्यास बॅटरी अधिक काळ पुरते.

रिकामा झालेला संच पुन्हा भरण्यास कित्येक तास लागतात, हेही विसरू नये. दिवसातून अनेकदा वीज जात असेल, तर दुसऱ्या खेपेला बॅटरी अपुरी पडेल. घरात रुग्ण, वृद्ध वा तान्हे बाळ असल्यास एकाच खोलीपुरता एक टनाचा ‘इन्व्हर्टर एसी’ जोडून रात्रीची सोय करता येते. संपूर्ण घर गार ठेवण्याची अपेक्षा मात्र बॅटरीकडून करू नये.