खाऱ्या पाण्याचा गंज, गोड्या पाण्याचा उतारा

नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही या जिल्ह्यातील अनेक गावांचे जीवन होडीवर अवलंबून आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतील नर्मदाकाठच्या पाड्यांना दवाखाना, शिधा आणि शाळा यांच्याशी जोडणारा मार्ग बहुतांशी पाण्यावरूनच जातो. होडी, बार्ज किंवा बचाव पथकाची रबरी बोट या दुर्गम भागात आणायची, तर ती ट्रकवर किंवा ट्रेलरवर घालून घाटरस्त्याने आणावी लागते. हा ट्रेलर वा ही होडी पूर्वी समुद्रात वापरलेली असेल, तर तिच्यासोबत मिठाचा एक अदृश्य थरही सातपुड्यात येतो. समुद्र मागे राहिला तरी गंजण्याची क्रिया मागे राहत नाही. ती का होते आणि साध्या गोड्या पाण्याने ती कशी आटोक्यात ठेवता येते, याची ही माहिती.

जिल्ह्यातील जलमार्ग

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला नर्मदेचा सुमारे ५४ किलोमीटरचा काठ याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर आहे. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे त्यांपैकी सर्वाधिक परिचित नाव. २०१७ मध्ये धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण क्षमतेने भरला. दक्षिणेकडे तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथील बॅरेज आहेत, तर नवापूर तालुक्याच्या बाजूला उकाई धरणाचा फुगवटा पोहोचतो. तेथे मासेमारीही चालते.

नर्मदेच्या पात्रातून फिरणारा 'तरंगता दवाखाना' या भागाला परिचित आहे. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने २०२० मध्ये बालकांपर्यंत आणि गरोदर मातांपर्यंत पोहोचण्यासाठी स्वतः होडी वल्हवल्याची बातमी देशभर गाजली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीच्या पुराने नवापूरला तडाखा दिला. अशा प्रसंगी मदतीसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात असते. होडी वेळेवर पाण्यात उतरणे हा येथे सोयीचा नव्हे, तर प्राणाचा प्रश्न ठरतो. आणि होडी वेळेवर उतरायची, तर तिला वाहून आणणारी चाके घाटात साथ सोडता कामा नयेत.

गंज चढतो तो कसा?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारणपणे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांतील मोठा भाग सोडियम क्लोराईडचा, म्हणजे आपल्या खाण्यातील मिठाचा असतो. त्याखेरीज मॅग्नेशियमचे क्षारही त्यात असतात. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोहोंची आवश्यकता असते. मीठ मिसळलेले पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया त्यात कितीतरी वेगाने होते. शिवाय मिठातील क्लोराईड धातूवरील संरक्षक पापुद्रा ठिकठिकाणी भेदते. म्हणूनच ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील यांनाही खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात.

याहून महत्त्वाचा गुणधर्म म्हणजे मिठाची ओल शोषण्याची शक्ती. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते. मॅग्नेशियम क्लोराईड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेतही ओले होते. परिणामी, उन्हात वाळून कोरडाठाक दिसणारा ट्रेलर रात्री दव पडताच पुन्हा खाऱ्या ओलीने माखतो. सातपुड्यातील पावसाळ्यात तर ही ओल दिवसदिवस टिकते. 'आता समुद्रापासून दूर आलो, काळजी नाही' हा समज येथेच फसवा ठरतो. मीठ धुऊन निघेपर्यंत गंजण्याचे काम सुरूच राहते.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाचा थर आतून फुगतो, त्याला फोड येतात आणि त्या फटीतून पुढचे पाणी आत शिरते. वरून रंग शाबूत आणि आत पत्रा पोखरलेला, असा प्रकार त्यामुळेच आढळतो.

ट्रेलरचे दुबळे भाग

होडी पाण्यात सोडताना ट्रेलर उताराने मागे नेला जातो आणि त्याची चाके, आस व चौकटीचा मागील भाग पाण्यात बुडतो. सर्वाधिक हानी होते ती पुढील ठिकाणी.

चाकांचे हब आणि बेअरिंग : लांबच्या प्रवासाने तापलेले हब एकदम थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ग्रीसमध्ये पाणी मिसळून ते दुधाळ होते आणि त्याची वंगणशक्ती जाते. बेअरिंग गंजून रस्त्यातच जाम झाले तर चाक निखळण्याचा धोका असतो. कोंडाईबारी किंवा चांदसैली घाटात असा प्रसंग ओढवला तर त्याचे परिणाम सांगण्याची आवश्यकता नाही.

कमानपाटे : एकावर एक रचलेल्या पाट्यांच्या मधल्या फटीत खारे पाणी अडकते आणि ते सहजासहजी वाळत नाही. पाटा बाहेरून धड दिसतो, मात्र आतून झिजत जाऊन खड्ड्यात आदळताच तुटतो.

पोकळ चौकट : चौकोनी पाइपच्या चौकटीत छिद्रांतून पाणी शिरते. निचऱ्याची छिद्रे चिखलाने बुजली असतील तर मिठाचे पाणी आत साचून राहते आणि पत्रा आतून खातो.

विंच आणि तारेचा दोर : होडी ओढून घेणाऱ्या तारेच्या पेडांमध्ये मीठ दडून बसते. तुटलेली तार माणसावर उसळू शकते किंवा होडी उतारावरून निसटू शकते.

ब्रेक, दिवे आणि वायरिंग : ब्रेकचे ड्रम, मागील दिव्यांची टोके आणि अर्थिंगची जोडणी लवकर गंजते. रात्रीच्या घाटरस्त्यावर न पेटणारा मागचा दिवा हाही अपघाताचे निमित्त ठरतो.

जस्ताचे कवच

वितळलेल्या जस्ताच्या सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या कुंडात बुडवून काढलेले, अर्थात गॅल्व्हनाइज्ड लोखंड ट्रेलरसाठी रंगवलेल्या लोखंडापेक्षा उजवे ठरते. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचवते. स्वच्छ हवेत जस्तावर राखाडी रंगाचा संरक्षक थर तयार होतो. खारे पाणी सतत लागत राहिले तर मात्र हा थर टिकत नाही आणि जस्त झपाट्याने संपते. त्यामुळे गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर धुवावा लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. अशा चौकटीला कोठे वेल्डिंग केले असेल, तर तेथील जस्त जळून गेलेले असते. त्या जागी जस्तयुक्त रंगाचा हात द्यावा लागतो.

धुण्याची रीत

१. समुद्रात वा खाडीत उतरवण्यापूर्वी ट्रेलर थोडा वेळ उभा ठेवून हब हाताला कोमट लागेपर्यंत थंड होऊ द्यावेत. खाडीचे पाणी कमी खारट लागले तरी ते धातूला निर्धोक नसते.

२. बाहेर काढल्यावर शक्य तितक्या लवकर, मीठ वाळून चिकटण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुवावे. लगेच सोय नसेल तर त्याच दिवशी, प्रवासाच्या पहिल्या थांब्यावर हे काम उरकावे.

३. प्रथम वरून खाली असे भरपूर पाणी सोडावे. मीठ पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे येथे पाण्याच्या जोरापेक्षा त्याचे प्रमाण आणि त्याला मिळणारा वेळ महत्त्वाचा.

४. नळी ट्रेलरच्या खालच्या बाजूने, कमानपाट्यांच्या फटीत, ब्रेकच्या आतील भागात आणि चाकांच्या मागे फिरवावी. पोकळ चौकटीत एका टोकाने पाणी सोडून ते दुसऱ्या टोकाने स्वच्छ बाहेर येईपर्यंत वाहू द्यावे.

५. वॉशिंग सेंटरवरील जोरदार फवारा बेअरिंगच्या सीलवर आणि दिव्यांच्या जोडांवर थेट मारू नये. त्या दाबाने मीठ बाहेर निघण्याऐवजी आत ढकलले जाते.

६. विंचची तार पूर्ण उलगडून धुवावी आणि वाळवून वंगण लावूनच गुंडाळावी.

७. चिखल व वाळू ब्रशने काढावी. ओला चिखल मीठ आणि ओल दोन्ही धरून ठेवतो.

८. ट्रेलर पुढून किंचित उंच करून पाणी निथळू द्यावे आणि सावलीबंद जागेत झाकून ठेवण्यापूर्वी वाऱ्यावर पूर्ण वाळवावा. ओल्या ट्रेलरवर ताडपत्री टाकणे म्हणजे गंजाला आमंत्रणच होय.

९. शेवटी हबमधील ग्रीस तपासावे. ते दुधाळ दिसल्यास बेअरिंग उघडून, साफ करून नवे, पाण्यात न टिकणाऱ्या साध्या ग्रीसऐवजी जलरोधक ग्रीस भरावे. सील फाटले असल्यास ते बदलल्याशिवाय ग्रीसचा उपयोग होत नाही.

पाणी कोणते वापरावे?

नदीचे किंवा नळाचे गोडे पाणी उत्तम. किनाऱ्याजवळील काही विहिरी आणि कूपनलिका यांचे पाणी स्वतःच खारट असते. ते वापरल्यास श्रम वाया जातात. धुऊन वाळल्यानंतर धातूवर पांढरे डाग उमटले, तर मीठ शिल्लक असू शकते किंवा पाणी जड असू शकते. खात्री करायची असल्यास महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा उपयोगी पडते. धुऊन निघालेल्या शेवटच्या पाण्याला मूळ पाण्यापेक्षा अधिक दाट पांढरा साका आला, तर क्लोराईड अजून निघत आहे असे समजावे.

सातपुड्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही डोक्यावरून आणावे लागते. तेथे ट्रेलर धुण्यासाठी हापशावर हक्क सांगणे उचित नाही. त्यामुळे पाणी मुबलक असलेल्या ठिकाणी, घाट चढण्यापूर्वीच हे काम पूर्ण करणे शहाणपणाचे. नर्मदेच्या काठावर धुण्याची वेळ आलीच, तर पाणवठ्यापासून दूर, बादलीने पाणी घेऊन धुवावे. ग्रीस आणि तेलाचा तवंग ज्या पाण्यात उतरेल, तेच पाणी गावकरी पीत असतात. धुताना जलपर्णीचे तुकडे आढळल्यास ते वेचून कोरड्या जागी टाकावेत, म्हणजे एका पाण्यातील उपद्रव दुसऱ्या पाण्यात जाणार नाही.

होडी आणि इंजिन

ट्रेलरसोबत होडीचीही निगा घ्यावी लागते. समुद्रात चाललेले आऊटबोर्ड इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचेच पाणी आत ओढते, त्यामुळे मीठ त्याच्या अंतर्गत वाहिन्यांत साचते. पाणी ओढणाऱ्या भागाला नळीची जोडणी लावून किंवा निर्मात्याने दिलेल्या तोंडातून इंजिनात गोडे पाणी फिरवावे. पाण्याविना इंजिन क्षणभरही चालवू नये. रबरी बोटीच्या घडीत राहिलेले मिठाचे कण कापडाला घासून झिजवतात, म्हणून घडी घालण्यापूर्वी ती धुऊन वाळवावी.

समुद्रातून नर्मदेत आणलेल्या होडीबाबत आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. होडीच्या धातूऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावलेले ठोकळे, ज्यांना 'अॅनोड' म्हणतात, समुद्रात जस्ताचे चालतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढून ते निष्प्रभ होते. तेथे मॅग्नेशियमचे अॅनोड योग्य ठरतात. उलट मॅग्नेशियमचे अॅनोड समुद्रात फार लवकर संपतात. पाणी बदलले की अॅनोडही बदलला पाहिजे.

कोकणचा अनुभव

किनाऱ्यावरील लोकांना हे शास्त्र अनुभवाने ठाऊक आहे. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात कोकणातील मच्छीमार होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात, साफ करतात आणि शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेपूर्वी रंगरंगोटी व इंजिनाची दुरुस्ती होते. दापोली तालुक्यातील हर्णै बंदरात मासळी उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे बैलगाड्या समुद्रात उतरत आल्या, तर अलिबागला ओहोटीच्या वेळी घोडागाड्या खाऱ्या पाण्यातून कुलाबा किल्ल्याकडे जातात. अशा गाडीची धाव आणि आस खाऱ्या पाण्यात किती काळ टिकते, हे तेथील गाडीवानाला कोणी शिकवावे लागत नाही. नंदुरबारच्या चालकाचा मात्र मिठाशी रोजचा संबंध नसतो आणि त्यामुळेच त्याच्याकडून दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक.

नोंदवही हवी

जानेवारी २०१८ मध्ये मकरसंक्रांतीच्या सुमारास धडगाव तालुक्यातील भुशा येथे नर्मदेत भाविकांची बोट उलटून जीवितहानी झाली. ती घटना गंजाची नव्हती. मात्र पाण्यात माणसे असताना दुसरी होडी किती लवकर पोहोचते, यावर किती जीव वाचतात हे ठरते, याची तिने आठवण करून दिली. होडी सज्ज आहे, पण ट्रेलरचे चाक जाम झाले आहे, अशी वेळ आपत्तीत परवडणारी नाही.

त्यासाठी प्रत्येक ट्रेलरची एक साधी नोंदवही असावी. खाऱ्या पाण्यात कधी उतरला, गोड्या पाण्याने कधी धुतला, ग्रीस कधी भरले, तार आणि दिवे कधी तपासले, एवढ्या चार नोंदी पुरेशा आहेत. जुना ट्रेलर विकत घेताना किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून मागवताना ही वही मागावी. ती नसेल तर ट्रेलर समुद्रातूनच आला आहे असे गृहीत धरून, घाट चढण्यापूर्वी तो आतून-बाहेरून धुऊन घ्यावा. नव्या आसाच्या खर्चापेक्षा आणि घाटात अडकलेल्या होडीच्या किमतीपेक्षा हे पाणी केव्हाही स्वस्त आहे.