प्रश्नापाशी टिकून राहण्याची सोय

मावळचा इतिहास लिहायला बसलं की लेखणी आपसूक गडांकडे वळते. पण याच मावळात, लोणावळ्याला, 1924 साली कैवल्यधाम ही योगसंस्था उभी राहिली आणि शरीरविज्ञानाच्या संशोधनाला एक ठाणं मिळालं. आज विद्यापीठांत जैववैद्यक आणि इमेजिंगमधले पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक, थोड्या वर्षांच्या करारावर नेमले जातात. त्यांच्या या अस्थिरतेच्या प्रश्नावर कैवल्यधामचा इतिहास बरंच काही सांगतो. प्रतिमा यंत्र काढतं. संशोधन उभं राहतं ते एका प्रश्नापाशी टिकून राहू शकणाऱ्या माणसामुळे.

कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांच्याकडे सुरुवातीला क्ष-किरण यंत्रही नव्हतं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांची क्ष-किरण चित्रं बडोद्याच्या रुग्णालयात घेतली गेली आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात छापली गेली. श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढलं की श्वासपटल वर चढतं, हे चित्रात दिसलं. पण चित्रात आकार दिसतो, दाब दिसत नाही. बस्ती ही आतड्याची शुद्धिक्रिया करताना पाणी आतड्यात आपोआप कसं ओढलं जातं, याचं उत्तर फिल्मवर नव्हतं. त्यासाठी दाबमापक लावावा लागला. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यातून कळलं. या निर्वाताला कुवलयानंदांनी गुरू माधवदासांचं नाव दिलं. चित्रं छापून काम आटोपलं असतं, तर ही पुढची पायरी आलीच नसती.

यावर कोणी म्हणेल, हे संशोधन कसलं, ही तर योगाची वकिली! योगाचं मोल सिद्ध व्हावं ही त्यांची इच्छा होती, यात शंका नाही. पण प्राणायामाने भरपूर प्राणवायू मिळतो ही लोकप्रिय समजूत त्यांनी स्वतःच बाजूला सारली. वकील हातचा मुद्दा असा सोडत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. देणगीदारांच्या आधारावर चालणारी ब्रह्मचारी साधकाची संस्था संसारी संशोधकापुढे आदर्श म्हणून कशी ठेवायची? ठेवू नयेच. त्याच लोणावळ्यात संशोधक कोवूर बेहनन आले ते येल विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन. उज्जायी प्राणायामात प्राणवायूचा खप 24.5 टक्के वाढल्याचं त्यांनी स्वतःवर मोजलं आणि 1937 मध्ये पुस्तकात मांडलं. त्यांच्या पोटापाण्याची सोय विद्यापीठाने केली होती, व्रताने नव्हे.

म्हणून आपल्या विद्यापीठांना सांगणं एवढंच: नव्या स्कॅनरच्या खरेदीचा प्रस्ताव कराल, तेव्हा तो चालवून त्यातून प्रश्न काढणाऱ्या संशोधकाचा निदान पाच वर्षांचा पगारही त्याच प्रस्तावात धरा.