डिंगी

मुंबईतल्या नाहूरच्या पूर्वेला, मिठागरांपलीकडे ठाणे खाडी आहे; तिचं पाणी दक्षिणेला मुंबई बंदराला मिळतं. तिथेच १९८२च्या आशियाई स्पर्धेत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक जिंकलं. फायरबॉल ही दोघांनी हाकायची शर्यतीची डिंगी. इंग्रजांनी ‘डिंगी’ हा शब्द भारतातूनच उचलला. हिंदी-बंगालीत डिंगी म्हणजे लहान होडी. शब्दकोशात त्याचा हा पत्ता पाहिला की मला फार आनंद होतो. पीटर मिल्न यांनी १९६२मध्ये आखलेली फायरबॉल ४.९३ मीटर लांब, हलकी, सपाट तळाची, बोथट नाकाची. म्हणूनच जोराचा वारा मिळताच ती पाणी कापत न बसता पाण्यावरून घसरत सुटते. एकजण सुकाणू धरतो. दुसरा डोलकाठीच्या तारेला लटकून अंग बाहेर झोकतो आणि कलती होडी सावरतो.